नाझरेथचे कवी-महापौर: तौफीक झय्याद

नाझरेथ हे नाव आपल्याला बायबलमुळे माहीत आहे. येशू ख्रिस्त जिथे लहानाचा मोठा झाला ते गॅलिलीच्या डोंगरउतारावरचं गाव. देवदूताने मरियेला पुत्रजन्माची वार्ता दिली ती जागा इथलीच, अशी श्रद्धा आहे. त्या जागेवर 1969 मध्ये नव्याने उभारलेलं विशाल चर्च आजही गावात कुठूनही दिसतं. या गावाच्या महापौरपदावर डिसेंबर 1975 ते जुलै 1994 अशी सलग साडेअठरा वर्षं जो माणूस बसला, तो मुस्लिम घरात जन्मलेला, विचाराने कम्युनिस्ट आणि अरबी भाषेतला नामवंत कवी होता. त्यातली बहुतेक वर्षं तो इस्रायलच्या संसदेचा, म्हणजे क्नेसेटचा, सभासदही होता. सकाळी तुंबलेल्या गटाराची तक्रार ऐकायची, दुपारी जेरुसलेमला जाऊन सरकारला धारेवर धरायचं आणि रात्री कविता लिहायची, असं आयुष्य जगलेल्या तौफीक झय्याद यांची ओळख मराठी वाचकाला फारशी नाही. ती व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

इस्रायलशी आपला संबंध येतो तो बहुधा बेने इस्रायलींमुळे. कोकणातून गेलेली ही मराठी बोलणारी ज्यू मंडळी आज तिथल्या अनेक गावांत राहतात. धर्मगुरूंनी त्यांच्या विवाहांविषयी शंका घेतल्या तेव्हा त्यांनाही आपल्या समान हक्कांसाठी आंदोलन करावं लागलं. 1964 मध्ये सरकारला त्यांच्या बाजूने जाहीर भूमिका घ्यावी लागली. पण त्या देशातला साधारण दर पाचवा नागरिक अरब आहे, त्याच्याकडे इस्रायली पासपोर्ट आहे आणि तो मतदान करतो, हे आपल्याकडे कमी जणांच्या लक्षात येतं. गाझा आणि वेस्ट बँकेतले पॅलेस्टिनी वेगळे, आणि इस्रायलच्या हद्दीतले हे पॅलेस्टिनी वेगळे. माणसं एकच, नातीगोतीही एकच. 1948 च्या युद्धाने मधोमध रेघ ओढली आणि कोण कुठल्या बाजूला राहिलं त्यावरून पुढच्या पिढ्यांचं नशीब ठरलं.

त्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी आपापल्या घरांना मुकले. जे इस्रायलच्या हद्दीत उरले त्यांची संख्या दीड लाखाच्या आसपास होती. शहरांतली वकील, शिक्षक, व्यापारी, वर्तमानपत्रवाली अशी सगळी कर्ती मंडळी परागंदा झाली होती. मागे राहिले ते बहुतांशी शेतकरी आणि मजूर. नाझरेथ मात्र वाचलं. 16 जुलै 1948 रोजी शहर इस्रायली सैन्याच्या हाती आलं, शरणागतीचा करार झाला. त्यानंतर रहिवाशांना हुसकावून लावण्याचा आदेश आला, पण बेन डंकलमन या कॅनडाहून आलेल्या ज्यू ब्रिगेड-प्रमुखाने तो पाळायला नकार दिला. एका सेनाधिकाऱ्याच्या नकारामुळे एक अख्खं शहर जागच्या जागी राहिलं. या घटनेचं मोल कितीही सांगितलं तरी कमीच आहे. उलट जवळच्या सफ्फूरियासारख्या उद्ध्वस्त गावांतले निर्वासित नाझरेथला आले आणि तिथेच त्यांच्या वस्त्या झाल्या. इस्रायलमधलं सर्वांत मोठं अरब शहर म्हणून नाझरेथ पुढे आलं ते असं.

झय्याद यांचा जन्म याच शहरात 7 मे 1929 रोजी झाला. तेव्हा पॅलेस्टाइनवर ब्रिटिशांचा अंमल होता. युद्ध झालं तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. आपलं गाव एका नव्या देशात गेलं आहे आणि तो देश आपल्याकडे संशयाने पाहतो आहे, हे ज्या वयात माणूस आयुष्याची दिशा ठरवतो नेमक्या त्याच वयात त्यांनी अनुभवलं.

नव्या देशाने आपल्या अरब नागरिकांना मताचा अधिकार दिला. सोबतच त्यांच्यावर लष्करी अंमलही बसवला. तो 1966 पर्यंत, म्हणजे तब्बल अठरा वर्षं टिकला. ब्रिटिशांनी 1945 मध्ये केलेले आणीबाणीचे नियम तसेच्या तसे वापरात होते. गावाबाहेर कामाला, दवाखान्यात किंवा नातेवाइकांकडे जायचं तर लष्करी गव्हर्नरकडून परवाना काढावा लागे. परवाना कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर होतं. 29 ऑक्टोबर 1956 रोजी कफर कासिम गावात संचारबंदीची वेळ अचानक अलीकडे ओढली गेली. शेतावरून घरी परतणाऱ्या लोकांना ती माहीतच नव्हती. सीमा पोलिसांनी जवळपास पन्नास जणांना गोळ्या घातल्या, त्यात बायका आणि मुलंही होती. मताधिकार असलेल्या नागरिकांची त्या काळात ही अवस्था होती.

अशा परिस्थितीत राजकारण कसं चालत असेल? सत्ताधारी मापाई पक्ष अरब मतदारांसाठी वेगळ्या याद्या उभ्या करी. त्यांवर गावोगावच्या मोठ्या घराण्यांचे प्रमुख असत. घराण्याच्या प्रमुखाने शब्द दिला की भावकीची सगळी मतं एका चिठ्ठीवर पडत; बदल्यात परवाने, नोकऱ्या, रस्ता, शाळेची खोली असं काही मिळे. नाझरेथचे महापौर आणि क्नेसेटचे सभासद राहिलेले सैफुद्दीन झुआबी हे या व्यवस्थेतलं एक वजनदार नाव. या माणसांना नुसतं लाचार ठरवून मोकळं होणं मला योग्य वाटत नाही. पराभूत समाजाला रोजचा दिवस काढायचा होता आणि त्यासाठी त्यांनी तडजोडीचा मार्ग धरला होता. पण त्या मार्गात प्रत्येक हक्काची किंमत उपकार म्हणून मोजावी लागे.

याला पर्याय देणारा देशव्यापी पक्ष एकच होता, तो म्हणजे कम्युनिस्ट पक्ष. त्यात ज्यू आणि अरब एकत्र काम करत. पॅलेस्टिनी राष्ट्रवादी संघटनेला परवानगी मिळणं अशक्य होतं, पण कम्युनिस्ट पक्ष कायदेशीर होता, त्याचे सभासद संसदेत होते आणि हैफाहून निघणारं ‘अल-इत्तिहाद’ हे अरबी वर्तमानपत्र त्याच्या हातात होतं. 1944 पासून चालत आलेल्या या पत्रात आणि पक्षाच्या ‘अल-जदीद’ मासिकात त्या काळातलं बहुतेक सगळं महत्त्वाचं पॅलेस्टिनी लेखन छापून आलं. महमूद दरवीश, समीह अल-कासिम, एमिल हबीबी ही सगळी कवी-लेखक मंडळी याच वर्तुळातली. झय्याद तरुणपणीच पक्षात आले आणि शेवटपर्यंत पक्षातच राहिले. मोर्चे, सभा, परवान्याविना प्रवास, अटक, नजरकैद, पुन्हा अटक, हाच 1950 च्या दशकातला त्यांचा दिनक्रम. पुढे पक्षाने त्यांना काही काळ मॉस्कोला शिकायला पाठवलं. तिथे ते रशियन शिकले.

त्यांची कविता या धकाधकीतच घडली. ती मैफलीत वाचायची कविता नव्हती. वाक्यं छोटी, शब्द रोजच्या बोलण्यातले, लय अशी की जमावाला एकदा ऐकून पाठ व्हावी. 1966 मध्ये त्यांचा पहिला गाजलेला संग्रह आला. त्याच सुमाराला पॅलेस्टिनी लेखक घसान कनफानी यांनी इस्रायलच्या हद्दीत राहिलेल्या पॅलेस्टिनींच्या कवितेवर पुस्तक लिहिलं आणि बैरूत, दमास्कस, कैरोच्या वाचकांना प्रथमच कळलं की ‘तिकडे मागे राहिलेली’ माणसं गप्प बसलेली नाहीत. तोपर्यंत अरब देशांत या माणसांकडे अविश्वासाने पाहिलं जाई. शत्रूचं नागरिकत्व घेतलेली माणसं, अशी त्यांची संभावना होई. झय्याद यांच्या कवितेने तो समज खोडून काढला. मागे राहणं हा पळपुटेपणा किंवा फितुरी नसून तीच एक लढाई आहे, हे त्यांनी साध्या शब्दांत ठणकावून सांगितलं. ‘उनादीकुम’ या त्यांच्या कवितेला लेबनीज गायक अहमद काबूर यांनी 1970 च्या दशकात चाल लावली आणि ती अरब जगभर पोचली. ती गुणगुणणाऱ्या कित्येकांना तिचा कवी एका शहराच्या पाणीपट्टीचा हिशोब बघतो, हे ठाऊकही नसेल.

कवितेबरोबर आणखी दोन कामं त्यांनी नेटाने केली. तुर्की कवी नाझिम हिकमत यांच्या कविता अरबीत आणल्या, आणि पॅलेस्टिनी लोककथा व लोकगीतं गोळा केली. गावंच्या गावं नकाशावरून पुसली गेली असताना त्या गावांतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडच्या गोष्टी कागदावर उतरवून ठेवण्याची निकड या कवीला कळली होती.

31 डिसेंबर 1973 च्या निवडणुकीत ‘राकाह’ या नावाने लढणाऱ्या कम्युनिस्टांना क्नेसेटच्या 120 पैकी 4 जागा मिळाल्या. झय्याद त्यांतल्या एका जागेवर निवडून आले. पण त्यांचं खरं मैदान संसद नव्हतं, ते नाझरेथच होतं.

1975 साली तिथे नगरपालिकेची निवडणूक लागली. झय्याद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळीच जुळवाजुळव केली. नुसत्या पक्षाच्या नावावर न लढता त्यांनी ‘नाझरेथ लोकशाही आघाडी’ उभी केली. तिच्यात कम्युनिस्ट होते, तसेच पदवीधरांचं मंडळ होतं, दुकानदार-कारागिरांची समिती होती, विद्यापीठांत शिकणाऱ्या मुलांची संघटना होती. मुसलमान-ख्रिस्ती, अमुक घराणं-तमुक घराणं अशी वाटणी करून याद्या बनवण्याची जुनी रीत त्यांनी मोडीत काढली. कम्युनिस्टांच्या हाती शहर गेलं तर सरकारी मदत आटेल, असे इशारे मतदारांना दिले जात होते. 9 डिसेंबर 1975 रोजी निकाल लागला: सुमारे दोन तृतीयांश मतं आघाडीला आणि 17 पैकी 11 जागा. परवान्यांच्या आणि उपकारांच्या राजकारणावर वाढलेल्या शहराने एका रात्रीत वेगळा कौल दिला होता. 9 डिसेंबर 1975 ही तारीख इस्रायलमधल्या अरबांच्या इतिहासात मला पहिल्या ओळीत लिहावीशी वाटते. पुढच्या सगळ्या घटनांची नाळ तिथे आहे.

पुढची घटना यायला चार महिनेही लागले नाहीत.

1976 च्या सुरुवातीला सरकारने ‘गॅलिलीच्या विकासा’साठी सुमारे 20,000 दुनाम जमीन ताब्यात घेण्याची योजना जाहीर केली. एक दुनाम म्हणजे आपले जवळजवळ दहा गुंठे. तेव्हा हिशोब साधारण पाच हजार एकरांचा होतो. त्यातली बरीच जमीन सखनीन, अराबा आणि देर हन्ना या अरब गावांच्या परिसरातली होती. याआधीच्या पंचवीस वर्षांत अरबांच्या मोठ्या प्रमाणावर जमिनी गेल्या होत्या. शेतकऱ्याचा मजूर झाला होता आणि तो रोज पहाटे बसने ज्यू शहरांत बांधकामावर जात होता. उरलेली जमीनही जाणार म्हटल्यावर गावं पेटली. नाझरेथमध्ये 1975 मध्येच स्थापन झालेल्या जमीन-बचाव समितीने 30 मार्च 1976 रोजी सार्वत्रिक संपाची हाक दिली. देशातल्या अरब नागरिकांनी एकजुटीने संप करण्याची ही पहिलीच वेळ ठरणार होती.

25 मार्चला शफा-अम्र गावात अरब नगरपालिका आणि ग्रामपरिषदांच्या अध्यक्षांची बैठक भरली. या बैठकीकडे जरा निरखून पाहायला हवं. जमलेले बहुतेक अध्यक्ष जुन्या व्यवस्थेतले होते. आपल्या गावाचा निधी, आपलं पद, आपली माणसं हे सगळं सरकारच्या मर्जीवर अवलंबून आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. संप मागे घ्यावा म्हणून सरकारी प्रतिनिधींनी त्यांच्यावर दबाव आणला होता. बाहेर तरुणांचा जमाव घोषणा देत होता आणि पोलीस त्याला पांगवत होते. आत बहुसंख्य अध्यक्षांचा कौल संपाच्या विरोधात गेला. बाहेरच्या लोकांना तेव्हा सरळ घरी जाता आलं असतं आणि संप तिथेच विरला असता. पण झय्याद उभे राहिले आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं की संपाचा निर्णय लोकांनी घेतला आहे, तो मागे घेण्याचा अधिकार या खोलीतल्या कुणालाच नाही. नगराध्यक्षांचं बहुमत एका बाजूला आणि नुकताच निवडून आलेला एक महापौर दुसऱ्या बाजूला. लोक त्या महापौराच्या मागे गेले.

29 मार्चच्या रात्रीच अराबा परिसरात चकमकी सुरू झाल्या. सरकारने सैन्य उतरवलं, संचारबंदी लावली. तीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत सहा जण मारले गेले होते. तिघे सखनीनचे, त्यात एक तरुणी. एक अराबाचा, एक कफर कन्नाचा आणि एक वेस्ट बँकेतल्या नूर शम्स छावणीतला. जखमींची आणि अटक झालेल्यांची संख्या शेकड्यांत गेली. तेव्हा पंतप्रधान होते यित्झाक राबिन. त्यांचं नाव वाचकांनी लक्षात ठेवावं, कारण त्यांची आणि झय्याद यांची गाठ सोळा-सतरा वर्षांनी अगदी वेगळ्या प्रसंगात पडणार होती.

त्या दिवसापासून 30 मार्च हा ‘जमीन दिन’ झाला. इस्रायलमधल्या अरबांनी सुरू केलेला हा दिवस पुढे वेस्ट बँक, गाझा आणि जगभर विखुरलेल्या पॅलेस्टिनींनीही आपला मानला. एरवी पॅलेस्टिनी राजकारणाचे दिवस आणि घोषणा बैरूत किंवा अम्मानहून येत. हा एकच दिवस गॅलिलीतल्या शेतकऱ्यांनी सगळ्या पॅलेस्टिनींना दिला.

सरकारच्या डोक्यात त्या काळात काय चाललं होतं, याचा पुरावा सहा महिन्यांत बाहेर आला. गृहखात्याचे उत्तर विभागाचे आयुक्त इस्रायल केनिग यांनी वरिष्ठांना एक गोपनीय टिपण पाठवलं होतं. सप्टेंबर 1976 मध्ये ते ‘अल हमिश्मार’ या हिब्रू दैनिकाच्या हाती लागलं आणि छापून आलं. गॅलिलीतली अरबांची दाट वस्ती विरळ कशी करावी, अरब विद्यार्थ्यांना परदेशी जायला कसं उत्तेजन द्यावं आणि परत येणं कसं अवघड करावं, असे सल्ले त्यात होते. नाझरेथच्या निवडणुकीने आणि अरबांमध्ये आलेल्या नव्या आत्मविश्वासाने प्रशासन किती अस्वस्थ झालं होतं, हे त्या टिपणातून दिसतं. ते टिपण एका इस्रायली ज्यू वर्तमानपत्रानेच चव्हाट्यावर आणलं, हेही नोंदवायलाच हवं.

आता पालिकेकडे वळू, कारण माझ्या मते झय्याद यांचं सर्वांत थोर काम तिथे आहे. महापौर झाल्यावर त्यांच्या हाती आलं ते एक जुनं, दाटीवाटीचं, डोंगरावर चढत गेलेलं शहर. रस्ते खचलेले, सांडपाण्याची सोय अपुरी, शाळांत वर्ग कमी. शहराभोवतीची जमीन मोठ्या प्रमाणावर गेलेली. शेजारच्या टेकडीवर 1957 मध्ये सरकारने ज्यूंसाठी ‘नाझरेथ इल्लित’ हे नवं शहर वसवलं होतं. तिथे रुंद रस्ते होते, कारखाने होते. दरडोई सरकारी अनुदानात ज्यू आणि अरब शहरांत मोठी तफावत होती, आणि कम्युनिस्ट महापौर आल्यावर ती भरून निघण्याची आशाही नव्हती. तिजोरीत पैसा नाही, वर हात पसरायची इच्छा नाही. मग काय करायचं?

उत्तर होतं श्रमदान. 1976 पासून दर उन्हाळ्यात नाझरेथमध्ये स्वयंसेवकांचं शिबिर भरू लागलं. शहरातले लोक तर येतच, शिवाय गॅलिलीतल्या खेड्यांतून, वेस्ट बँकेतून, ज्यू शहरांतून आणि परदेशांतूनही माणसं येत. हजारो हात एका आठवड्यात कामाला लागत. विद्यापीठातले विद्यार्थी खडी पसरत, प्राध्यापक घमेली वाहत, गवंडी रस्त्याकडेच्या दगडी भिंती रचत, बायका शाळांच्या भिंती रंगवत. रस्त्यांवर डांबर पडे, पायऱ्या दुरुस्त होत, मुलांसाठी मैदानं साफ होत. संध्याकाळी गाणी, दब्के नाच आणि कवितावाचन. जो रस्ता सरकारी खात्याच्या मंजुरीची वाट पाहत वर्षानुवर्षं अडला असता, तो आठवड्यात वाहतुकीला मोकळा होई. आणि त्या रस्त्यावरून जाणाऱ्याला तो कुणी केला हे ठाऊक असे, कारण त्याने स्वतः त्यात खडी टाकलेली असे.

परवान्यासाठी रांगेत उभं राहायला शिकलेल्या समाजात ही शिबिरं काय बदल करत असतील, याचा विचार केला की मी थक्क होतो. मदत कुणीतरी वरून देतं आणि त्याचे उपकार मानायचे असतात, ही सवय शिबिरागणिक उतरत गेली. म्हणूनच इस्रायलभर अनेक अरब गावांनी नाझरेथच्या धर्तीवर आपापल्या लोकशाही आघाड्या उभ्या केल्या. देशाच्या पातळीवरही 1977 मध्ये कम्युनिस्टांनी व्यापक आघाडी बांधली. तिचं नाव ‘हदाश’, म्हणजे शांतता आणि समतेसाठी लोकशाही आघाडी. अरब देशांतून आलेल्या गरीब ज्यूंच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘ब्लॅक पँथर’ चळवळीतले चार्ली बिटन तिच्या तिकिटावर निवडून आले. त्या निवडणुकीत हदाशला 5 जागा मिळाल्या.

झय्याद यांना शत्रू कमी नव्हते. त्यांच्या घरावर हल्ले झाले. क्नेसेटमध्ये ते बोलायला उभे राहिले की गोंगाट ठरलेला. त्यांचा आवाज खणखणीत होता, भाषा धारदार होती, आणि सभापतीने घंटा वाजवली म्हणून खाली बसणाऱ्यांतले ते नव्हते. लेबनॉनवरची 1982 ची स्वारी, बैरूतमधल्या सब्रा आणि शतीला इथल्या कत्तली, 1987 अखेरीस गाझा-वेस्ट बँकेत उसळलेला उठाव, या प्रत्येक वेळी नाझरेथ रस्त्यावर उतरलं आणि महापौर मोर्चात पुढे होते.

त्यांच्या सगळ्याच भूमिका मला पटत नाहीत. सोव्हिएत संघावरची त्यांच्या पक्षाची निष्ठा डोळे झाकून होती. 1968 मध्ये चेकोस्लोव्हाकियात रणगाडे घुसले तेव्हाही पक्षाने मॉस्कोची बाजू घेतली. स्वतःच्या भूमीवरचा लष्करी अंमल ज्यांनी भोगला, त्यांनी प्रागमधल्या माणसांचं दुःख ओळखायला हवं होतं. पण एका बाबतीत पक्ष इतरांच्या फार पुढे होता. इस्रायल आणि पॅलेस्टाइन अशी दोन शेजारी राष्ट्रं हाच तोडगा आहे, हे तो दशकानुदशकं सांगत आला होता. त्या वेळी इस्रायलमध्ये हा देशद्रोह समजला जाई आणि अनेक अरब राजधान्यांत शरणागती. झय्याद यांनी दोन्हीकडची टीका सोसून तीच गोष्ट शेवटपर्यंत लावून धरली.

आणि मग 1992 आलं. जूनमधल्या निवडणुकीत राबिन यांचा मजूर पक्ष 44 जागा घेऊन सत्तेवर आला. साथीला मेरेट्झच्या 12 जागा होत्या. एकूण 56. बहुमताला 61 हव्यात. शास हा धार्मिक पक्ष 6 जागांसह सरकारात आला. हदाशला त्या निवडणुकीत 3 जागा मिळाल्या होत्या, त्यांतली एक झय्याद यांची; अब्दुल वहाब दरावशे यांच्या अरब लोकशाही पक्षाकडे 2. या पाच जणांना मंत्रिमंडळात घ्यायची सरकारची तयारी नव्हती. त्यांनी बाहेरून पाठिंबा दिला आणि उजव्या पक्षांना सत्तेवर येण्यापासून अडवणारी भिंत म्हणून ते उभे राहिले. सप्टेंबर 1993 मध्ये शासचे मंत्री बाहेर पडले. त्यानंतर राबिन यांचं सरकार या पाच मतांवर तगलं. 56 आणि 5, बरोबर 61.

23 सप्टेंबर 1993 रोजी ओस्लो करार क्नेसेटपुढे आला. इस्रायल आणि पॅलेस्टाइन मुक्ती संघटना यांनी पहिल्यांदाच एकमेकांना मान्यता दिली होती. मतं पडली: बाजूने 61, विरोधात 50, तटस्थ 8. जमीन दिनाला ज्यांच्या सरकारने गॅलिलीत सैन्य पाठवलं होतं, त्या राबिन यांच्या हाताशी आता नाझरेथच्या महापौराचं मत होतं. झय्याद यांनी जुना हिशोब उकरून काढला नाही. शांततेचा मार्ग उघडत असेल तर त्यासाठी मत द्यायचं, एवढं साधं गणित त्यांनी मांडलं. सतरा वर्षांपूर्वीचे सहा मृत्यू ज्याने जवळून पाहिले त्याला हे किती जड गेलं असेल, याची कल्पना करून पाहावी. राजकारणातला मोठेपणा म्हणतात तो मला इथे दिसतो.

आणि हा पाठिंबा त्यांनी फुकट दिला नव्हता. राबिन सरकारच्या काळात अरब पालिकांची अनुदानं वाढली. मुलांच्या भत्त्यातली विषमता टप्प्याटप्प्याने दूर करण्याचा निर्णय झाला. तोवर सैन्यात नोकरी केलेल्यांच्या कुटुंबांना जास्त भत्ता मिळे आणि बहुसंख्य अरब सैन्यात जात नसल्याने त्यांच्या मुलांच्या वाट्याला कमी पैसे येत. भत्त्यातला हा फरक भाषणात सांगायला फार प्रभावी नाही, पण चार मुलं असलेल्या सखनीनच्या मजुराला तो दर महिन्याला हातात कळे. रस्ता, भिंत, भत्ता हे झय्याद यांचं राजकारण होतं, आणि कविताही त्याच राजकारणाचा भाग होती.

नोव्हेंबर 1993 च्या पालिका निवडणुकीत नाझरेथने त्यांना पुन्हा निवडून दिलं. जुलै 1994 मध्ये पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेचे प्रमुख यासर अराफात सत्तावीस वर्षांच्या वनवासानंतर गाझात परतले आणि 5 जुलैला ते जेरिकोला आले. त्यांच्या स्वागताला झय्याद गेले होते. परतीच्या वाटेवर जॉर्डन खोऱ्यातल्या रस्त्यावर त्यांच्या मोटारीला अपघात झाला आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. वय पासष्ट. महापौरपद आणि खासदारकी, दोन्ही त्यांच्याकडे त्या दिवशीही होती. अंत्ययात्रेला नाझरेथच्या चढणीच्या रस्त्यांवर माणसं मावत नव्हती.

सोळा महिन्यांनी, 4 नोव्हेंबर 1995 रोजी, राबिन यांनाही तेल अवीवमध्ये एका ज्यू अतिरेक्याने गोळ्या घातल्या. पुढच्या निवडणुकीत सरकार पडलं आणि पाच मतांच्या त्या भिंतीचा प्रयोगही तिथेच थांबला.

नाझरेथमध्ये झय्याद यांच्या जागी त्यांचेच सहकारी रामिझ जराइसी आले, आणि ते 2014 पर्यंत महापौर राहिले. म्हणजे 1975 च्या त्या आघाडीने येशूच्या गावावर जवळजवळ चार दशकं सत्ता टिकवली. देशाच्या सरकारात मात्र स्वतंत्र अरब पक्षाला जागा मिळायला जून 2021 उजाडावं लागलं. मन्सूर अब्बास यांच्या राआम पक्षाने तेव्हा 4 जागांसह सत्ताधारी आघाडीच्या करारावर सही केली आणि ते सरकार 60 विरुद्ध 59 मतांनी उभं राहिलं. एक वर्षानंतर ते कोसळलं.